खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्या पुरुषांसाठी जनजागृती मोहीम कशी उभारावी

खाण्याचा विकार म्हटले की वजनाच्या धास्तीने ताट बाजूला सारणारी तरुणी डोळ्यांसमोर येते. त्याच घरातला, जिमहून आल्यावर अंड्याचा पांढरा भाग तेवढा खाऊन उठणारा आणि लग्नाच्या पंगतीला जाणे टाळण्यासाठी दर वेळी नवे कारण शोधणारा भाऊ मात्र शिस्तीचा म्हणून वाखाणला जातो. वास्तविक हा आजार पुरुषांना नवा नाही. इंग्लंडमधील रिचर्ड मॉर्टन या डॉक्टरांनी १६८९ मध्ये उपाशी राहून खंगत गेलेल्या ज्या दोन रुग्णांचे वर्णन केले, त्यांपैकी एक १६ वर्षांचा मुलगा होता. तरीही ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने उपाशी राहण्याच्या विकाराच्या, निदानाच्या अमेरिकी कसोट्यांत मासिक पाळी थांबण्याचा उल्लेख दीर्घकाळ टिकून राहिला आणि तो २०१३ मध्ये वगळला गेला. अमेरिकेतील एका मोठ्या सर्वेक्षणाचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे सांगतात की, आयुष्यात कधीतरी ॲनोरेक्सिया झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत ०.९ टक्के, तर पुरुषांत ०.३ टक्के होते. बुलिमियाचे, म्हणजे भरमसाट खाऊन मग उलट्या वगैरे करून त्याची भरपाई करू पाहण्याच्या विकाराचे, प्रमाण अनुक्रमे १.५ आणि ०.५ टक्के होते; आणि ताबा सुटून अतोनात खाण्याच्या विकाराचे, म्हणजे बिंज ईटिंगचे, प्रमाण ३.५ आणि २ टक्के होते. हे आकडे अमेरिकेचे आहेत. त्यांना लोकसंख्येने गुणून ‘महाराष्ट्रात इतके लाख पुरुष’ असा फलक रंगवण्याचा मोह कार्यकर्त्यांनी आवरावा.

मदतीची वाट आधी, फलक नंतर

बहुतेक मोहिमांची सुरुवात घोषवाक्याने होते आणि इथेच गाडे अडते. फलक वाचून एखाद्या तरुणाने धीर करून विचारले, “मग मी जाऊ कुठे?” आणि त्यावर आपल्यापाशी उत्तर नसेल, तर तो पुन्हा विचारणार नाही. म्हणून पहिले काही आठवडे कोणताही गाजावाजा न करता केवळ चौकशीत घालवावेत. आपल्या तालुक्यातील आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ यांना प्रत्यक्ष भेटून चार गोष्टी विचाराव्यात: अशा तक्रारी घेऊन आलेले पुरुष रुग्ण ते तपासतात का, संध्याकाळी वेळ मिळतो का, शुल्क किती, आणि गरज पडल्यास दाखल करण्याची सोय कुठे आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाचे बाह्यरुग्ण दिवस लिहून घ्यावेत. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते.

ही सर्व माहिती खिशात मावेल अशा एका कार्डावर छापावी. कार्डाच्या मागे तातडीची लक्षणे द्यावीत. भोवळ येऊन पडणे, छातीत धडधड होणे, उलटीतून रक्त पडणे किंवा जीव नकोसा झाल्याचे बोलणे यांपैकी काहीही घडल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी. वारंवार उलट्या झाल्याने रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. माणूस वरकरणी धडधाकट, प्रसंगी चांगला भरलेला दिसत असतानाही हे घडते. आणखी एक सूचना कार्डावर हवीच, कारण आपल्याकडे प्रेमाची पहिली खूण आग्रह करून वाढणे हीच असते: जो अनेक दिवस जवळजवळ उपाशी राहिला आहे, त्याला एकदम भरपेट जेवू घालू नये. अशा वेळी रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरून जिवावर बेतू शकते. त्याचे खाणे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवावे लागते.

गट बांधणे

गट लहान असला तरी चालेल. एक डॉक्टर, एक जिमचा प्रशिक्षक किंवा तालमीतला वस्ताद, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचा एखादा उत्साही प्राध्यापक, आणि शांतपणे ऐकून घेता येणारे दोघे-तिघे एवढे पुरेसे आहे. या आजारातून बाहेर आलेला कोणी स्वतःहून पुढे आला तर उत्तम. पण त्याला व्यासपीठावर ओढू नये.

ऐकणाऱ्यांची तयारी मात्र करून घ्यावी लागते, आणि ती भाषणाने होत नाही, सरावाने होते. समोरासमोर बसून संवाद म्हणून पाहावेत. “किती वाळलास रे, जरा खात जा” हे वाक्य आपल्या तोंडात इतके बसलेले आहे की ते आवरायला बराच सराव लागतो. “आता कसा खात्या घरचा दिसतोस” ही शाबासकीही तितकीच घातक ठरते, कारण बरा होऊ लागलेला मुलगा तिचा अर्थ ‘मी जाड झालो’ असाच घेतो. त्याऐवजी शरीराचा विषय न काढता पाहिलेल्या वागण्यावर बोलावे: “अरे, दिवाळीपासून तू आमच्याबरोबर मेसला येत नाहीस, आणि आलास तर जेवण झाल्याझाल्या उठून जातोस. काही त्रास होतोय का? मला कोणाला सांगायचं नाहीये, फक्त विचारतोय.” उत्तर बहुधा “काही नाही रे, डाएट चालू आहे” असे येते. तिथे वाद न घालता, “बरं. बोलावंसं वाटलं तर मी आहे,” एवढे म्हणून थांबावे आणि आठवड्याने पुन्हा विचारावे.

पुरुष जिथे आहेत तिथे जाणे

सभागृह घेऊन व्याख्यान ठेवले तर समोर बहुतांशी आया आणि शिक्षिका बसलेल्या आढळतील. त्यांचे येणे मोलाचे आहेच, परंतु ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे ते त्या वेळी जिममध्ये, पोलीस भरतीच्या अकादमीत, वसतिगृहाच्या मेसमध्ये किंवा सलूनमध्ये असतात. कार्ड तिथे ठेवावे. सर्वांत उपयोगी जागा कोणती असे विचारले, तर पुरुषांच्या स्वच्छतागृहाच्या दाराची आतली बाजू असे उत्तर द्यावे लागेल, कारण तिथे वाचताना कोणी पाहत नाही.

जिममधला प्रश्न थोडा वेगळा असतो. अनेक मुलांना बारीक नव्हे, तर आणखी पिळदार व्हायचे असते आणि आरशात स्वतःचे भक्कम शरीरही किरकोळ भासते. या अवस्थेला मसल डिसमॉर्फिया म्हणतात. मानसिक आजारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेत ती खाण्याच्या विकारांच्या यादीत नसून शरीरप्रतिमेच्या विकाराखाली येते. परंतु ‘कटिंग’ (चरबी उतरवण्यासाठी खाणे तोडणे) आणि ‘बल्किंग’ (शरीर भरण्यासाठी जास्त खाणे) यांच्या चक्रातून खाण्याची ओढाताण तिला अनेकदा जोडलेली असते. प्रशिक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून चालणार नाही, कारण मुलगा एक दिवस व्यायाम चुकला म्हणून कासावीस होतो, दुखापत असूनही येतो, हे सर्वांत आधी त्यांनाच दिसते.

कुस्तीतील वजन उतरवणे हा आजार नव्हे, पण आजाराला आडोसा देणारी ती प्रथा ठरू शकते. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस, सहा आठवड्यांच्या आत, महाविद्यालयीन तीन मल्ल झपाट्याने वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने घाम काढण्याच्या रबरी पोशाखांवर व सौनावर बंदी घातली आणि वजन घेण्याची वेळ कुस्तीच्या जवळ आणली. वस्तादांशी बोलताना उपदेशापेक्षा हे उदाहरण अधिक कामी येते, कारण त्यात नियम बदलल्याची गोष्ट आहे.

काय लिहावे, काय टाळावे

फलक किंवा रील तयार करताना वजनाचे, कॅलरींचे आणि कमरेच्या मापाचे आकडे अजिबात देऊ नयेत. हाडे दिसणाऱ्या शरीरांची, तसेच ‘आधी आणि नंतर’ अशी छायाचित्रे वापरू नयेत. वजन घटवण्यासाठी कोणी काय केले याचा तपशीलही देऊ नये. जो आधीच या फेऱ्यात आहे त्याला असा मजकूर इशारा वाटत नाही, स्पर्धा वाटते. चौकातील वार्ताफलकावर पुढील मजकूर पुरेसा आहे: “जेवणाची भीती वाटते? खाल्ल्यावर स्वतःचा राग येतो? व्यायाम चुकला की दिवस वाया गेला असे वाटते? हे मुलांनाही होते आणि उपचाराने बरे होता येते. फोन करा: १४४१६.” गणेशोत्सव मंडळाने असा फलक दहा दिवस लावला, तर तो कोणत्याही परिसंवादापेक्षा जास्त डोळ्यांखालून जाईल.

प्रसिद्ध व्यक्तीचे उदाहरण द्यायचे तर तिने स्वतः जाहीरपणे सांगितलेले तेवढेच द्यावे. इंग्लंडचा अष्टपैलू अँड्र्यू फ्लिंटॉफ आपल्याकडे अनेकांना आठवतो तो फेब्रुवारी २००२ मध्ये वानखेडेवर अखेरचे षटक टाकून सामना जिंकल्यावर शर्ट काढून धावलेला. खेळत असल्यापासून आपल्याला बुलिमिया असल्याचे त्याने २०२० मध्ये बीबीसीवर सविस्तर सांगितले. ब्रिटनचे माजी उपपंतप्रधान जॉन प्रेस्कॉट यांनी २००८ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, आपल्या बुलिमियाविषयी उघड केले. हा केवळ पोरवयाचा आजार नव्हे, हे सांगण्यासाठी ते उदाहरण उपयोगी पडते. गावातल्या कोणाची कहाणी मात्र त्याच्या लेखी संमतीविना, नाव बदलूनही सांगू नये. लहान गावात नाव बदलल्याने कोणी लपत नाही. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र वा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हाही मनाई करतो.

कार्यक्रम आणि मागण्या

२ जून हा खाण्याच्या विकारांविषयीचा जागतिक कृती दिन २०१६ पासून पाळला जातो. परंतु महाराष्ट्रात तेव्हा महाविद्यालयांना सुट्टी असते, त्यामुळे जुलै-ऑगस्ट किंवा राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर सोयीचे पडते. प्रश्न हात वर करून विचारायला लावू नयेत. प्रत्येकाला, प्रश्न असो वा नसो, कोरी चिठ्ठी देऊन ती पेटीत टाकायला सांगावी, म्हणजे लिहिणारा वेगळा दिसत नाही. आरोग्य शिबिरात आपल्या टेबलाशेजारी वजनकाटा मांडला जाणार असेल, तर जागा बदलून मागावी.

जागृती झाल्यावर ठोस मागण्या कराव्यात, आणि त्या एका वेळी एकच: अकादमीने सर्वांसमोर वजन पुकारणे थांबवावे, जिमने ‘२१ दिवसांत’ छापाची आव्हाने लावू नयेत, महाविद्यालयाने समुपदेशकाची वेळ नोटीस बोर्डावर द्यावी. उपचारांच्या खर्चाबाबत विमा कंपनीने नकार दिल्यास २०१७ च्या याच कायद्यातील कलम २१(४) दाखवावे. मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराच्या धर्तीवरच वैद्यकीय विमा देण्याचे बंधन त्यात घातलेले आहे.

कामाचा हिशेब लाइक्सवर ठेवू नये. कोणत्या ठिकाणची किती कार्डे उचलली गेली, आणि डॉक्टरांकडे किती जण ते कार्ड घेऊन पोहोचले, एवढेच, नावे न विचारता, टिपून ठेवावे. दर सहा महिन्यांनी कार्डावरील प्रत्येक क्रमांक स्वतः फिरवून पाहावा, कारण डॉक्टरांच्या बदल्या होतात आणि बाह्यरुग्ण दिवस बदलतात; जो क्रमांक लागत नाही तो त्याच दिवशी सर्व ठिकाणच्या कार्डांवरून खोडून नवा लिहावा.