टेक्सासमधली दुकानं, दारावरच्या पाट्या आणि कमरेचं पिस्तूल: नवीन आलेल्यांसाठी

टेक्सासला आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच हे दृश्य दिसतं. दुधाच्या फ्रीजसमोर एक माणूस उभा, एका हातात अंड्यांचा खोका, दुसरा हात मुलाच्या खांद्यावर, आणि पट्ट्याला अडकवलेलं काळं पिस्तूल. आपल्याकडे बंदूक दिसते ती पोलिसाकडे, नाहीतर बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसलेल्या वॉचमनकडे. त्यामुळे छातीत धस्स होणं साहजिक आहे. पण तो माणूस बहुतेक वेळा साधा गिऱ्हाईकच असतो आणि इथल्या कायद्याने त्याला हे चालतं. तुम्ही एच-१बी, एल-१, एच-४, एफ-१ किंवा व्हिजिटर व्हिसावर असाल, तर तुम्हाला मात्र तेच पिस्तूल क्षणभर हातात धरणंही चालत नाही. नवीन आलेल्यांची गफलत इथेच होते. दुसऱ्याच्या कमरेच्या पिस्तुलाला घाबरायचं आणि मित्राने हौसेने पुढे केलेलं स्वतः हातात घ्यायचं. व्हायला हवं ते नेमकं उलट.

आधी कायदा थोडक्यात. १ जानेवारी २०१६ पासून टेक्सासमध्ये परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे बाळगायची मुभा मिळाली. १ सप्टेंबर २०२१ पासून, ज्यांना कायद्याने बंदूक बाळगायला मनाई नाही, अशांना परवान्याचीही गरज राहिली नाही. पिस्तूल दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावायच्या पिस्तुलाच्या खोळीत हवं, एवढी अट आहे. रायफल किंवा शॉटगनला तर आधीपासूनच परवाना लागत नव्हता, पण लोक घाबरतील अशा रीतीने ती मिरवणं हा गुन्हा आहे. दुकान ही मात्र खासगी जागा. तिथे बंदूक चालेल की नाही, हे ठरवण्याचा हक्क मालकाचा किंवा दुकान चालवणाऱ्याचा, आणि तो हक्क तो पाटी लावून किंवा तोंडी सांगून वापरतो.

व्हिसावर असाल तर

राज्याचा कायदा कितीही सैल असला तरी केंद्राचा कायदा त्याच्या वर असतो. नॉन-इमिग्रंट, म्हणजे एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. शिवाय बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, आणि हे ग्रीन कार्डवाल्यांनाही लागू आहे. कायद्यातला शब्द ‘जवळ बाळगणं’ असा आहे. मालकी कोणाची, हा प्रश्नच येत नाही. म्हणून घोटाळा होतो तो बंदूक विकत घेऊन नव्हे, तर अगदी साध्या प्रसंगांतून.

सगळ्यात नेहमीचा प्रसंग म्हणजे ऑफिसची टीम आउटिंग. शुक्रवारी दुपारी सगळे शूटिंग रेंजवर जातात, तिथे पिस्तूल भाड्याने मिळतं, फॉर्मवर भराभर सह्या होतात. एच-१बीवाल्याने तिथे नेम धरून फोटो काढला की गुन्ह्याचा पुरावा त्यानेच तयार केला असं समजा. मॅनेजरला आधीच सांगा, ‘माझ्या व्हिसावर मला चालत नाही.’ कोणी वाईट वाटून घेत नाही. काचेमागे बसून कॉफी प्या.

दुसरा प्रसंग खेळाच्या सामानाच्या दुकानातला. तिथे रायफली काउंटरमागे रांगेने उभ्या असतात आणि विक्रेता आपणहून काढून हातात देतो. घेऊ नका. तिसरा प्रसंग घरातला किंवा कामाच्या जागेचा. रूममेट अमेरिकन नागरिक आहे, त्याची बंदूक कपाटात आहे आणि तिजोरीचा आकडा तुम्हालाही ठाऊक आहे. किंवा तुम्ही एच-४ ईएडीवर दुकानात काम करता आणि मालकाने गल्ल्याखाली पिस्तूल ठेवलंय, ‘वेळ आली तर वापर’ म्हणून. ईएडी म्हणजे कामाची परवानगी. त्याने व्हिसाचा प्रकार बदलत नाही. बंदुकीवर तुमचा ताबा चालू शकतो असं दिसलं, तरी ते ‘बाळगणं’ ठरू शकतं. रूममेटला कुलूप बदलायला सांगा आणि आकडा विचारूही नका. मालकाला स्पष्ट सांगा, की माझ्या पाळीत ते पिस्तूल तिजोरीत बंद असू दे.

एक पळवाट तुमच्या कानावर येईलच: शिकारीचा परवाना. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर या बंदीला अपवाद आहे, हे खरं आहे. पण टेक्सासचा नेहमीचा वार्षिक शिकार परवाना कधीही काढला तरी ३१ ऑगस्टला संपतो. १ सप्टेंबरला सकाळी तो नव्याने काढलेला नसेल आणि बंदूक घरात असेल, तर त्या दिवसापासून गुन्हा. ज्याच्या ग्रीन कार्डची रांग दहा-दहा वर्षांची आहे, त्याने एका तारखेवर एवढं सगळं टांगून ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. तरीही करायचंच असेल, तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

काडतुसाबद्दल वेगळं सांगायला हवं. केंद्रीय व्याख्येत काडतुसाचं रिकामं टरफलही ‘दारूगोळा’ या शब्दात येतं, त्यामुळे आठवण म्हणून ते घरी आणू नका. आणि भारतात जाताना कोणाची बॅग उसनी घेतली असेल, किंवा जुनी बॅकपॅक सेकंडहँड मिळाली असेल, तर तिचे सगळे कप्पे उलटे करून झटका. मुंबईच्या विमानतळावर एक्सरेत एक जिवंत काडतूस दिसलं, तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो, आणि ‘बॅग मित्राची आहे’ हे सांगत बसेपर्यंत विमान गेलेलं असतं.

दारावरची पाटी वाचायला शिका

दुकानाच्या काचेच्या दारावर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत दाट मजकुराची पाटी असते. बहुतेक जण ती न वाचताच आत शिरतात. त्यातला फक्त आकडा बघा; तो टेक्सासच्या दंडसंहितेतल्या कलमाचा असतो. ३०.०६ म्हणजे परवानाधारकालाही लपवलेलं पिस्तूल आत आणायला मनाई. ३०.०७ म्हणजे उघडं पिस्तूल आणायला मनाई. ३०.०५ ही विनापरवाना बंदूक बाळगणाऱ्यांसाठी. दारावर फक्त ३०.०७ असेल तर कपड्याखाली पिस्तूल असलेला परवानाधारक आत असू शकतो. एच-ई-बी या इथल्या मोठ्या ग्रोसरी साखळीचं धोरण असंच आहे: उघडं नको, परवानाधारकाचं लपवलेलं चालेल.

वॉलमार्टचं थोडं वेगळं. ३ ऑगस्ट २०१९ रोजी एल पासोच्या वॉलमार्टमध्ये झालेल्या गोळीबारात २३ जण गेले. त्यानंतर महिन्याभराने कंपनीने ‘दुकानात उघड्यावर बंदूक आणू नका’ अशी गिऱ्हाइकांना विनंती केली. क्रोगर, सीव्हीएस, वॉलग्रीन्स यांनीही तशीच विनंती केली. टार्गेटने तर २०१४ मध्येच केली होती. विनंती म्हणजे कायद्याची पाटी नव्हे. म्हणून अशा दुकानात कमरेला पिस्तूल लावलेला माणूस दिसला तर तो लगेच गुन्हेगार ठरत नाही. कर्मचाऱ्याने त्याला तोंडी बाहेर जायला सांगितलं आणि तो गेला नाही, तर मात्र प्रकरण गंभीर होतं: एक वर्षापर्यंत कैद आणि ४,००० डॉलरपर्यंत दंड. नुसती ३०.०६ किंवा ३०.०७ ची पाटी डावलल्यास दंड २०० डॉलरपर्यंत असतो.

बारच्या दारावर लाल अक्षरांत ५१% लिहिलेलं दिसेल. त्या जागेचं ५१ टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न तिथेच बसून पिण्याच्या दारूतून येतं असा त्याचा अर्थ. तिथे परवाना असला तरी पिस्तूल चालत नाही.

हे सगळं टेक्सासपुरतं. शिकागोला बदली झाली तर ही माहिती विसरा. इलिनॉयमध्ये उघडं पिस्तूल चालतच नाही, आणि तिथे दुकानाची पाटी म्हणजे ४ बाय ६ इंचाचं, पिस्तुलावर लाल वर्तुळ आणि तिरपी रेघ मारलेलं चित्र.

दुकानात काय करायचं

कमरेकडे बघू नका, हाताकडे बघा. पिस्तूल होल्स्टरमध्ये आहे, माणूस भाव बघतोय, रांगेत उभा आहे: तुम्ही तुमची खरेदी करा. टक लावून बघू नका, फोटो काढू नका, ‘खरं आहे का?’ असं विचारू नका. मनाला बरं वाटत नसेल तर कार्ट तिथेच सोडून निघून जा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुकानाच्या नियमाबद्दल तक्रार असेल तर मॅनेजरला सांगा, त्या माणसाला नाही.

पिस्तूल होल्स्टरबाहेर हातात आहे, तो कोणावर ते रोखतोय, ओरडतोय किंवा झिंगलेला दिसतोय: आधी बाहेर पडा, मग ९११ (इथला आणीबाणीचा नंबर). फोनवर आधी दुकानाचं नाव आणि चौक सांगा, मग कपड्यांचा रंग, मग तो नेमकं काय करतोय ते. जे दिसलं तेवढंच सांगा. ‘हातात आहे’ आणि ‘कमरेला आहे’ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ५ ऑगस्ट २०१४ रोजी ओहायोच्या बीव्हरक्रीकमधल्या वॉलमार्टमध्ये जॉन क्रॉफर्ड हा २२ वर्षांचा तरुण त्याच दुकानातली विक्रीची एअर रायफल हातात घेऊन फिरत होता. एका गिऱ्हाइकाने ९११ ला कळवलं की तो लोकांवर बंदूक रोखतोय. पोलीस आले आणि काही क्षणांत तो गोळी लागून मेला. फोनवरचा एक वाढवलेला शब्द इतका महागात पडतो.

गोळीबार झालाच तर इथे शिकवतात तो क्रम लक्षात ठेवा: पळा, नाही जमलं तर लपा, तेही नाही जमलं तरच प्रतिकार. ग्रोसरीच्या दुकानात मागच्या भिंतीजवळ, मांस किंवा दुधाच्या विभागाशेजारी, गोदामात जाणारं झुलतं दार असतं आणि त्यापलीकडे माल उतरवायचा धक्का. एरवी ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ असलं तरी त्या वेळी ते तुमचं दार. सामान सोडा, मुलांना उचला. पोलीस आले की दोन्ही हात रिकामे आणि वर. फोनसुद्धा हातात नको. ६ मे २०२३ रोजी डॅलसजवळच्या ॲलनमधल्या आउटलेट मॉलमध्ये आठ जणांचा बळी गेला, त्यात तेलंगणातून आलेली एक तरुण इंजिनीअर होती. प्लेनो-फ्रिस्कोतली आपली किती घरं दर शनिवारी त्याच मॉलला जातात! नवीन दुकानात गेलात की दुसरं दार कुठे आहे, एवढं पहिल्यांदा बघून ठेवा.

मुलांची खेळणी हा दिवाळीच्या दिवसांतला प्रश्न. टिकल्या फोडायचं पिस्तूल आजी-आजोबा हौसेने भारतातून आणतात. इथे विकल्या जाणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीच्या नळीच्या टोकाला ठळक नारिंगी रंग लागतो. आपल्याकडच्या काळ्या धातूच्या पिस्तुलाला बहुधा तो नसतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलंडमध्ये तामिर राइस हा १२ वर्षांचा मुलगा खेळण्यातली बंदूक हातात असताना पोलिसांच्या गोळीने मेला. म्हणून ते पिस्तूल घराबाहेर, कार्टमध्ये, गाडीच्या खिडकीत नको. खरं तर आणूच नका. आणलंच, तर विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात टाकावं लागतं.

ग्रीन कार्डनंतर

ग्रीन कार्ड मिळाल्यावर काही जण पिस्तूल घेतात, आणि हा त्यांचा हक्क आहे. परवाना सक्तीचा नसला तरी काढा: वर्ग चार ते सहा तासांचा, ५० गोळ्यांची नेमबाजी, अर्जाची फी ४० डॉलर. त्या वर्गात कायदा नीट समजतो, आणि दुसऱ्या राज्यात जाताना परवाना उपयोगी पडतो.

खरेदीला नेणार असाल तर चाप पूर्ण झाकणारं ताठ होल्स्टर, अंगावरच. पर्समध्ये कधीही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोच्या हेडनमधल्या वॉलमार्टमध्ये कार्टमध्ये बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि गोळी सुटून आई जागीच गेली. स्वच्छतागृहात पिस्तूल काढून कागदाच्या डब्यावर ठेवणं आणि तसंच विसरून निघणं, ही आणखी एक चूक. होल्स्टर पट्ट्यावरून काढूच नका. ५१% ची पाटी दिसली म्हणून परत गाडीत ठेवायला जाणार असाल, तर सीटखाली सरकवू नका. गाडीच्या सांगाड्याला तारेने अडकवलेली लोखंडी पेटी घ्या आणि पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर ते काढत बसू नका.

स्वतःचं दुकान, उपाहारगृह किंवा देऊळ चालवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमधल्या प्रार्थनास्थळांना बंदुकीच्या बाबतीत इतर खासगी जागांसारखाच नियम आहे. सूचना दिली नाही तर मनाई नाही. घरी छापलेला, पिस्तुलावर फुली मारलेला ए-फोर कागद ३०.०६ आणि ३०.०७ ला चालत नाही. कायद्यातला मजकूर शब्दशः हवा, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत, ठळक मोठ्या लिपीत, अक्षराची उंची किमान एक इंच, पार्श्वभूमीपेक्षा वेगळा रंग. प्रत्येक प्रवेशदारावर लावा. चुकतं ते बहुधा मागच्या दाराला: पुढे पाटी आणि पार्किंगकडून येणाऱ्या दाराला काहीच नाही, किंवा उत्सवाच्या तोरणाने पाटीच झाकलेली. गणेशोत्सव भाड्याच्या सभागृहात असेल तर आधी सभागृहवाल्यांना विचारा, पाटी आहे का आणि कोणत्या आकड्याची. तोच शब्दशः मजकूर पासवर छापून हातात दिला, तरी ३०.०६ आणि ३०.०७ ची लेखी सूचना होते. शाळेच्या इमारतीत कार्यक्रम असेल तर तिथे बंदुकीला मुळातच मनाई आहे. फक्त स्वयंसेवकांना तसं आधी सांगून ठेवा, आणि शिवजयंतीच्या नाटकाची धातूची तलवारही त्या दिवशी घरीच राहू द्या, कारण साडेपाच इंचांपेक्षा लांब पात्याला शाळेत बंदी आहे.