५५ टनी ट्रेलर बुक करण्याआधी

शोरूमला जाण्याआधी जुन्या बिल्ट्या आणि टोलच्या पावत्या काढून बसा. भरून किती किलोमीटर, रिकामे किती, वाटेत घाट कोणता, सपाटीला गाडी खरोखर किती वेगाने चालते, हे कागदावर आलं पाहिजे. ड्रायव्हरलाही विचारा, मालकाच्या अंदाजापेक्षा त्याचा आकडा खरा असतो.

हॉर्सपॉवर मॉडेलच्या नंबरातच असते. टाटाची ५५३० म्हणजे ५५ टन (गाडी आणि माल मिळून) आणि ३०० एचपी, लेलँडची ५५२५ म्हणजे २५०. ५५ टन सपाटीवर ६०च्या वेगाने ओढायला चाकापाशी ११०च्या आसपास एचपी पुरतात. तोच लोड पाच टक्के चढावर २०ने न्यायचा तर सुमारे २३० लागतात. गिअरबॉक्स आणि मागच्या हाऊसिंगमधली (अॅक्सलमधली) घट धरली की २५०वाली तिथे २०च्या खाली येते. पण आठशे किलोमीटरच्या फेरीत घाट दहाच किलोमीटरचा असेल, तर थोडा उशीर सोसावा. त्यासाठी मोठ्या इंजिनाचा हप्ता कशाला?

डिझेल खरं वाचतं ते क्राऊन-पिनियनवर, म्हणजे मागच्या अॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या जोडीवर, आणि तेच कुणी विचारत नाही. २९५/९० आर २० टायर एका किलोमीटरला साधारण ३०८ फेरे मारतो. ६०चा वेग म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ३०८ फेरे. टॉप गिअर डायरेक्ट असेल, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाचे फेरे तसेच पुढे देत असेल, आणि क्राऊन ५.८६ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.८६ फेरे लागत असतील, तर इंजिन १८०० आरपीएमवर ओरडत राहील. क्राऊन ४.११ असेल तर १२६५वर, म्हणजे आरपीएम मीटरच्या हिरव्या पट्ट्यात, निवांत चालेल. ५.८६ला ०.७८चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी करणारा टॉप गिअर) जोडला तर आरपीएम १४००वर येतो. तोही चालतो, पण डायरेक्ट टॉपमध्ये ताकद काउंटर शाफ्टच्या दातांवरून फिरत नाही, तेवढी घट वाचते. हा हिशोब तुमच्या वेगाने करा. रस्ता खराब असून गाडी ४०नेच चालणार असेल, तर ४.११वर टॉप गिअर लागणारच नाही. ८०च्या पुढे तर स्पीड लिमिटर जाऊ देत नाही, त्यामुळे त्यापलीकडच्या वेगाचं गिअरिंग फुकट.

उरण-नागपूरवाल्यांनी हा हिशोब नव्याने मांडावा. जून २०२५मध्ये समृद्धी महामार्ग आमणेपर्यंत सुरू झाला, इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाट टळतो. कसाऱ्यासाठी घेतलेला क्राऊनचा मोठा आकडा आता उरलेल्या सगळ्या वाटेवर डिझेल पितो. समृद्धीचा टोल परवडत नाही म्हणून जुन्याच रस्त्याने जाणार असाल, तर गोष्ट वेगळी.

क्राऊनचा आकडा लहान घेतला की पहिला गिअर किंवा क्रॉलर (गाडी उचलायचा सगळ्यात हळू गिअर) पुरेसा खोल आहे ना, ते बघा. डेमो भरल्या गाडीचाच मागा. चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावा. क्लचचा वास आला तर तो गिअरबॉक्स या क्राऊनसाठी नाही.

टायरचं माप आणि एक्झॉस्ट ब्रेक कोटेशनवर असतातच. क्राऊनचा रेशो मात्र दशांशासह लिहून घ्या. ‘स्टँडर्ड आहे साहेब’ म्हणाले तर कंपनीचा स्पेसिफिकेशनचा कागद मागवा आणि तो हाती येईपर्यंत बुकिंगची रक्कम देऊ नका.