स्थानकाजवळचे घर निवडण्यापूर्वी

मोठ्या स्थानकाजवळ घर घेताना नकाशावरील सरळ अंतरावर विसंबू नये. मध्ये रेल्वेमार्ग किंवा रुंद रस्ता आल्यास प्रत्यक्ष वाट कितीतरी लांबते. सामान्य चालीने मिनिटाला सुमारे ८० मीटर, म्हणजे दहा मिनिटांत ८०० मीटर अंतर कापले जाते, हे लक्षात ठेवून घराच्या दारापासून थेट फलाटापर्यंत चालून पाहावे, कारण जिने, भुयारी मार्ग आणि तिकीट तपासणीची रांग यांतही वेळ जातो. हीच फेरी सकाळच्या गर्दीत आणि रात्री उशिरा पुन्हा करावी. रात्रीची फेरी मला अधिक महत्त्वाची वाटते: रस्त्यावरचे दिवे, उघडी दुकाने आणि माणसांची वर्दळ कुठपर्यंत टिकते, हे तेव्हाच कळते. लिफ्ट बंद असल्यास पर्यायी मार्ग कोणता, हेही विचारून घ्यावे.