सोलापूरच्या उन्हात अत्तर कसं लावावं

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी तिळगूळ आणि वाणाच्या ताटाशेजारी गुलाबदाणी आणि अत्तराची एक लहानशी कुपी असायची. आजी प्रत्येकीच्या हाताच्या पाठीवर कुपीतली काचेची काडी एकदाच टेकवायची. शेजारची एखादी मुलगी म्हणायची, "आजी, अजून थोडं लावा ना." आजी हसून सांगायची, "टिपका पुरे गं, घरी पोचेपर्यंत बघ." खरंच, संध्याकाळी टिकणारा वास त्या एका टिपक्याचाच असायचा.

आज बहुतेकांना सवय आहे ती स्प्रेची, आणि अत्तरही ते तसंच वापरतात: सढळ हाताने, घाईत, कपड्यांवर. मग "फार उग्र होतं" किंवा "डोकं चढलं" म्हणून कुपी कपाटात जाऊन बसते. स्प्रेमध्ये बहुतांश अल्कोहोल असतं. ते लगेच उडून जातं आणि जाताना वास चारी दिशांना फेकतं. अत्तरात अल्कोहोल नाही. सुगंध तेलात मुरलेला असतो, तेल त्वचेवर बसतं आणि अंगाच्या उबेने थोडाथोडा वास सोडत राहतं. म्हणून ते कमी लागतं आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

घेताना

अत्तराच्या दुकानात एकाच वेळी दहा कुप्या हुंगू नका. तीन-चार वासांनंतर नाक थकतं आणि सगळं सारखंच वाटायला लागतं. मधेच आपल्याच कोपराच्या आतल्या बाजूचा, काहीही न लावलेल्या कातडीचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं. आवडलेली दोनच अत्तरं निवडा, एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. आणि दुकानातून बाहेर पडा. विजापूर वेशीकडच्या एका दुकानदार चाचांनी मला हेच शिकवलं. मी पैसे काढत होते, तर म्हणाले, "ताई, आधी बाजार करून या. तासाभराने सांगा." पहिल्या पाच मिनिटांचा वास आणि तासाभरानंतरचा वास यांत फार अंतर असतं, आणि दिवसभर आपल्यासोबत राहणारा असतो तो दुसरा. रमजानच्या गर्दीत दुकानदाराला इतका वेळ नसतो, त्यामुळे खरेदी त्याआधी किंवा ईद झाल्यावर करावी असं माझं मत आहे.

तोळ्याच्या हिशोबाने विकायची पद्धत अजून आहे. ३ मिलीची कुपी म्हणजे साधारण पाव तोळा, ६ मिली अर्धा, १२ मिली एक तोळा. पहिल्यांदा पाव तोळाच घ्या. रोज टिपकाभर वापरलं तरी ते काही महिने जातं.

किमतीबद्दल स्पष्ट सांगते. कनौजमधली पारंपरिक पद्धत अशी: तांब्याच्या डेगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, फुलं आणि पाणी, झाकण मातीने लिंपून बंद, बांबूच्या नळीतून वाफ भपक्यात, म्हणजे ती गार होऊन जमते त्या भांड्यात, आणि त्या भपक्यात चंदनाचं तेल. फुलांचा वास त्या चंदनात मुरतो. चंदनाचं तेल अतिशय महागल्यापासून बऱ्याच ठिकाणी त्याऐवजी लिक्विड पॅराफिन किंवा दुसरं स्वस्त तेल वापरतात, शिवाय बाजारातले कितीतरी वास प्रयोगशाळेत बनवलेले असतात. त्यात वाईट काही नाही. मात्र गुलाबाचं थोडंसं शुद्ध तेल निघायला ढिगांनी पाकळ्या लागतात, तेव्हा शंभर रुपयांच्या कुपीवर 'रूह गुलाब', म्हणजे गुलाबाचं शुद्ध तेल, लिहिलेलं असेल तर ते गुलाबाच्या वासाचं तेल आहे एवढंच समजा. वास आवडला तर खुशाल घ्या, पण किंमत त्याच हिशोबाने द्या.

लावण्याच्या आदल्या दिवशी

कोपराच्या आतल्या घडीत एक टिपका लावून २४ तास थांबा. खाज, लाली किंवा पुरळ आलं तर ते अत्तर अंगावर नको. दमा असलेल्यांनी आणि वासाने ज्यांची अर्धशिशी उठते त्यांनी जास्तच जपावं. तान्ह्या बाळाला लावूच नये, आणि बाळाला घेणाऱ्यांनीही हातागळ्याला लावू नये.

लावताना

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. कोरड्या कातडीवर वास लवकर उडतो. म्हणून अत्तराची वेळ अंघोळीनंतरची. अंग टिपून घ्या (टॉवेल आपल्याच गावचा असेल तर पाणी झटकन शोषतो), किंचित ओल राहू द्या, आणि जिथे अत्तर लावायचं तिथे आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेलाचं बोट फिरवा. खोबरेलाला स्वतःचा वास असतो, तेव्हा ते अगदी थोडं. या एका गोष्टीने उन्हाळ्यात जो फरक पडतो तो महागडं अत्तर घेऊनही पडत नाही.

काडी कुपीच्या तोंडाशी निथळू द्या. मग डाव्या मनगटाच्या आत एक टिपका. उजवं मनगट त्यावर नुसतं टेकवा आणि उचला. मनगटं एकमेकांवर खसाखसा घासू नका. घासण्याच्या उबेने वरवरचे हलके वास लगेच उडतात आणि अत्तराची सुरुवातच हरवते. मग त्याच मनगटाने कानाच्या पाळीमागे स्पर्श करा. झालं. लग्नकार्य असेल तर गळ्याच्या खळग्यात किंवा कोपराच्या आत आणखी एक टिपका. या जागा निवडायच्या कारण तिथे रक्तवाहिन्या कातडीजवळ असतात, ऊब असते आणि वास हळूहळू वर येतो. काखेत लावू नका. घामात मिसळून चांगल्या अत्तराचाही वास बिघडतो, आणि तिथली कातडी नाजूक असते.

लिंबू, संत्रं, बर्गमोट अशा फळांच्या सालीच्या तेलाचं अत्तर असेल तर आणखी एक काळजी. त्यातल्या काही तेलांवर ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग राहतात. अशी अत्तरं कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या जागीच, नाहीतर सूर्य मावळल्यावर लावा.

जुन्या लोकांचा फाया मला आजही सगळ्यात आवडतो. कापसाचा ज्वारीच्या दाण्याएवढा बोळा, त्यावर अर्धा टिपका, आणि तो कानाच्या वरच्या कडेच्या आतल्या घडीत अडकवायचा. कानाच्या भोकात नाही. कातडीला अत्तर सोसत नसेल तर फाया खिशात, ओढणीच्या गाठीत किंवा पाकिटात ठेवता येतो.

दोन मिनिटं थांबा, मगच कपडे आणि दागिने घाला. मोत्यांना तेल मानवत नाही, आणि पांढऱ्या कपड्यावर पिवळट डाग पडतो. सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजासोबत पांढरी बाराबंदी घालून निघणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. डाग पडलाच तर चोळू नका. त्यावर टाल्कम पावडर दाबून अर्धा तास ठेवा, झटका, मग भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब लावून कोमट पाण्याने धुवा. रेशमी साडी असेल तर घरचे प्रयोग न करता ड्रायक्लीनिंगला द्या.

लावल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला वास येईनासा होतो. इथेच बहुतेकांची चूक होते. वास गेलेला नसतो, आपलं नाक त्याला सरावलेलं असतं. पुन्हा लावण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा. पुण्याला जाताना रेल्वेच्या बंद एसी डब्यात शेजारी बसलेल्याचा तरी विचार करावा. प्रवासाला मी एकाच मनगटावर लावते.

कधी कोणतं

उन्हाळ्यात वाळा, म्हणजेच खस. दुपारी कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांतून येणारा तोच ओलसर, हिरवा वास. संध्याकाळी मोगरा चालतो, पण अंमळ कमीच, कारण उकाड्यात तो गोडसर होऊन अंगावर येतो. केवड्याचंही तसंच. हिना, शमामा, ऊद ही जड, उबदार अत्तरं थंडीची. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्याच, यात्रेला रात्री फिरताना शालीखाली हिना फार छान खुलतो. मेच्या दुपारी तोच हिना लावून बघू नका.

आणि मातीचं अत्तर. भाजलेली माती डेगेत घालून तिची वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात, आणि कुपी उघडली की पहिल्या पावसाचा वास येतो. मृग कोरडा जाऊ शकतो अशा आपल्या भागात या अत्तराची माया वेगळीच. रोहिणीच्या उन्हात आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या दिवसांत मी तेच लावते, दुसरं काही नको वाटतं.

दोन अत्तरं एकत्र लावायची असतील तर जड आधी, हलकं त्यावर. चंदनावर गुलाब, ऊदावर गुलाब सहसा फसत नाही. तीन मात्र नकोत.

ठेवताना

कुपीचं बूच घट्ट, जागा अंधारी आणि थंड. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेलं अत्तर काही दिवसांत खराब होऊ शकतं. तेलाला ऊन आणि हवा दोन्ही सोसत नाहीत. काडी अंगाला लागली की पुसूनच परत घाला, घाम आत जाऊ देऊ नका. चंदनाच्या तेलातलं खरं अत्तर नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं आणि मुरत जातं. फळांच्या वासाची मात्र वर्षा-दोन वर्षांत संपवा.

कुपी संपली तर टाकू नका. बूच काढून, तळाशी तेल उरलेलं नाही ना एवढं बघून, मलमलच्या चिंधीत गुंडाळा आणि साड्यांच्या कपाटात कोपऱ्यात ठेवा. आजीच्या ट्रंकेत अशा सात-आठ कुप्या होत्या. तिची इरकली साडी मी अजून नेसते, आणि पदर उलगडला की आधी हिना येतो, मग चंदन.