शिकाऊ राफ्टिंग गाइड आणि नौकांची ओळख

कोलाडला कुंडलिका नदीवर शिकाऊ गाइड म्हणून मी रुजू झालो, तेव्हा राफ्ट म्हणजे हवा भरलेली मोठी होडी, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. ‘पॅडल’ आणि ‘ओअर’ या दोन्हींना आपण मराठीत वल्हेच म्हणतो आणि माझा पहिला गोंधळ तिथेच झाला. पॅडल नुसते हातात धरून मारायचे असते. ओअर बरेच लांब असते आणि राफ्टवर बांधलेल्या धातूच्या चौकटीला अडकवलेले असते. नौका कोणाच्या बळावर चालणार, हे या फरकावरच ठरते.

कोलाडला पर्यटक बसतात ती पॅडल राफ्ट. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली सोडले जाते आणि कुंडलिकेतले राफ्टिंग त्याच पाण्यावर चालते, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तेथे शिकता येते. सुमारे 14 फुटी राफ्टच्या दोन्ही कडांवर सहा ते आठ जण बसतात, पाय आडव्या फुगीर नळ्यांखाली, म्हणजे थ्वार्टखाली, खोचतात आणि गाइड मागे बसून दिशा सांभाळतो. जोर मात्र पर्यटकांचाच असतो. ‘फॉरवर्ड’ असे ओरडल्यावर त्यातले तिघे काठावरच्या छायाचित्रकाराकडे पाहून हसत असतील, तर गाइडचे कौशल्य फारसे कामी येत नाही.

नव्या राफ्टचा तळही हवेने फुगवलेला असतो आणि त्याच्या कडेच्या छिद्रांतून आत आलेले पाणी आपोआप निघून जाते. जुन्या धाटणीच्या राफ्टमध्ये ते बादलीने उपसावे लागते. 1000 लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे लक्षात घेतले की भरलेली राफ्ट वळता का वळत नाही, ते निराळे सांगावे लागत नाही.

पुढे ऋषिकेशला, गंगेवरच्या मुक्कामी सहलीत, तंबू आणि शिधा वाहणारी ओअर राफ्ट माझ्याकडे आली. तीत एकटा माणूस प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि दोन्ही वल्ही ओढतो. खडक समोर आला की पॅडल राफ्टच्या सवयीने मी नौकेचे नाक, म्हणजे पुढचे टोक, दुसरीकडे वळवून जोरात पुढे वल्हवू लागलो आणि सामानासकट बरोबर त्याच खडकावर आदळलो. येथे रीत उलटी आहे: नाक खडकाकडे तिरके ठेवायचे आणि वल्ही आपल्याकडे ओढत मागे सरायचे, म्हणजे नौकेचा वेग कमी होतो आणि ती आडवी सरकत मोकळ्या पाण्यात येते. पाण्याचा प्रवाह ओळखायला मी खरा शिकलो तो या एकट्याच्या नौकेत, म्हणून संधी मिळताच सामानाची राफ्ट मागून घ्यावी, असे माझे मत आहे. पुढे चौघे पॅडल मारणारे आणि मागे ओअर घेतलेला गाइड, अशी मिश्र रचनाही असते.

सोबतीला असणारी सेफ्टी कयाक ही छोटी निमुळती होडी कडक प्लॅस्टिकची आणि एकट्याची असते. पाण्यात पडलेल्याजवळ ती सर्वांत आधी पोहोचते. उलटल्यावर बाहेर न पडता ती पुन्हा सरळ करता येईपर्यंत हे काम मागू नये. दोन लांब नळ्यांवर चौकट बांधलेल्या कॅटारॅफ्टला पाणी साठवणारा तळच नसतो, म्हणून तीही मदतीसाठी वापरतात. अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमध्ये ‘डोरी’ नावाच्या कडक बांधणीच्या होड्या आणि इंजिन लावलेल्या प्रचंड राफ्टही चालतात, पण आपल्याकडच्या नवख्याचा त्यांच्याशी तूर्त संबंध येत नाही.

नौका कोणतीही असो, हवेचे काम शिकाऊ मुलाकडेच येते. सकाळी टणक भरलेली राफ्ट गंगेच्या थंड पाण्यात उतरवली की मऊ पडते, म्हणून उतरवल्यानंतर पुन्हा पंप मारावा लागतो. तीच राफ्ट दुपारी वाळूवर ओढून ठेवली की उन्हाने आतली हवा फुगते. एकदा जेवणाच्या घाईत मी झडप दाबून हवा सोडली नाही आणि मधल्या थ्वार्टचा जोड उसवला. दुसऱ्या दिवशी सगळे नदीवर गेले आणि मी शेडमध्ये बसून कापड घासत, गोंद लावत आणि तो वाळण्याची वाट पाहत राहिलो.