वाईसारख्या गावात रक्तदान शिबिर घ्यायचं तर

तीस वर्षं झाली, वाईत दरसाल एक तरी शिबिर घेतोय. नवी पोरं विचारतात, म्हणून लिहितो.

आधी तारीख. पुढाऱ्याचा वाढदिवस नको. त्या दिवशी चौकाचौकात रक्तदानाचे मांडव असतात. काढून ठेवलेल्या रक्तातल्या लाल पेशी फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम 5. सगळ्यांनी एकाच दिवशी देऊन काय उपयोग? मी मे महिना धरतो. कॉलेजं बंद, रक्तपेढीत खडखडाट, आणि आसपासच्या गावांत यात्रेला मुंबईकर आलेले असतात. त्यांना गाठा. फक्त यात्रेच्या दुसऱ्या दिवशी ठेवू नका. जागरण झालेलं असतं, आणि काहींची रात्रीची उतरलेली नसते. वेळ सकाळी 8 ते 12. नंतर ऊन.

जागा तळमजल्यावरच घ्या. एकदा हॉल फुकट मिळाला म्हणून मी वरच्या मजल्यावर घेतलं. एक धडधाकट पोरगा रक्त देऊन लगेच उठला आणि जिन्यात भोवळ येऊन बसला. कठडा होता म्हणून वाचला. आता चहाच्या टेबलाशी मी स्वतः उभा राहतो. 15 मिनिटं झाल्याशिवाय कुणाला चपला घालू देत नाही.

फोन करताना एक वाक्य विसरू नका: ‘नाश्ता करून या.’ लॅबमध्ये तपासायला जावं तसे लोक उपाशीपोटी येतात! तरी मी पोहे ठेवतोच.

वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. पुरुषांना 3 महिन्यांनी, बायकांना 4 महिन्यांनी परत देता येतं. हिमोग्लोबिनला बायका जास्त अडकतात. गेल्या खेपेला एक काकू शेजारणींना घेऊन आल्या आणि स्वतःच 11.8 वर अडकल्या. तोंड एवढंसं झालं. मी त्यांना नावं लिहायला बसवलं. दुपारपर्यंत टेबल सोडलं नाही त्यांनी. आकडा मात्र चारचौघांत मोठ्यानं सांगू नका, आणि डॉक्टरला दाखवा म्हणावं.

भेटवस्तूंच्या भानगडीत पडू नका. डब्यासाठी आलेला माणूस आजार लपवतो.

निगेटिव्ह रक्तगटवाल्यांचं रक्त मी शिबिरात घेत नाही, ते अडीनडीला बोलवायला राखून ठेवतो. पेढीनंच मागितलं तर गोष्ट वेगळी. त्यांची वही निराळी: नाव, गल्ली, दोन फोन, शेवटचं रक्त कधी दिलं. दुसरा फोन घरच्यांचा हवा. रात्री दोनला माणूस स्वतःचा उचलत नाही, बायको उचलते.