सायनोटाइप करताय? कोकणच्या दमट हवेत या चुका टाळा

सायनोटाइप म्हणजे रसायनांचा लेप दिलेल्या कागदावर वस्तू ठेवून, उन्हात धरून, मग पाण्याने धुऊन केलेली निळी छपाई. दोन-चार प्रिंट झाल्या की बरेच जण "आता छापू तरी काय?" म्हणून थांबतात. चूक इथूनच सुरू होते. तारकर्लीच्या सूर्यास्ताची सगळी मजा रंगात असते आणि सायनोटाइपमध्ये मिळतो फक्त निळा नि पांढरा. ही छपाई आकारावर उभी राहते, आणि आकार परसात हवे तेवढे आहेत. शेवग्याची डहाळी, गडग्यावर पावसात उगवलेले नेचे, सुरूच्या काड्या, जाळ्याचा फाटका तुकडा. काजू-फणसाचं पान मात्र नको. ते जाड असल्याने ऊन आरपार जात नाही, शिरा उमटत नाहीत, नुसता पांढरा ठसा येतो.

सगळ्यात सुंदर उमटतं ते समुद्रशेवाळ. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२ मध्ये ही पद्धत शोधली आणि पुढच्याच वर्षी वनस्पती-अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने ब्रिटनमधलं शेवाळ छापायला घेतलं. आपल्याकडे मालवणच्या खडकांवर अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला जा. खडकाला चिकटलेलं उपटू नका, वाहून आलेलं पुरतं. ते तसंच ओलं कागदावर ठेवलं तर खारं पाणी लेपात उतरतं आणि कडा फुटतात. आधी गोड्या पाण्यात धुवा. मग परातीत पाणी घेऊन त्यात तरंगू द्या, खालून साधा कागद सरकवा, काडीने फांद्या मोकळ्या करा आणि कागद अलगद वर उचला. वर सुती कापड, मग वर्तमानपत्रं, त्यावर पाटा. पूर्ण वाळलं की छपाईला घ्या.

दमटपणा हा इथला खरा शत्रू. पांढरा भाग आधीच निळसर येत असेल, तर लेप दिलेला कागद ओलसर हवेत पडून राहिला असं समजा. लेप संध्याकाळी मंद पिवळ्या दिव्यात द्या, पंख्याखाली वाळवा आणि शक्यतो दुसऱ्या दिवशीच वापरा. हाताची मागची बाजू लावून बघा. कागद गार लागला तर अजून ओल आहे. ब्रशला लोखंडी पट्टी असेल तर निळे ठिपके पडतात. रसायनांना स्वयंपाकघरातली भांडी लावू नका, आणि लेपातल्या फेरिसायनाइड या रसायनाजवळ तीव्र आम्ल तर कधीच नको.

धुताना सगळा निळा वाहून गेला? मग ऊन कमी पडलं. उघडा भाग राखाडी, काशाच्या भांड्यासारखा दिसेपर्यंत कागद उन्हात हवा. आभाळ असेल तर कितीतरी जास्त वेळ लागतो. पिवळेपणा जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. साबण, धुण्याचा सोडा अजिबात नको, त्याने निळा उडतो.

भिंतीवरची प्रिंट उन्हाने फिकी झाली तर टाकू नका. काही दिवस अंधारात, हवा लागेल अशी ठेवली की रंग बराचसा परततो. सोड्याने उडालेला रंग असा परतत नाही.